गवताचे जनुक, निफाडचा गहू: तांबेऱ्याच्या एका शेताचा अभ्यास

निफाड तालुक्यात पालखेडच्या कालव्यावरचे एक गाव. कुटुंबाची मदार द्राक्षबागेवर आणि कांद्यावर. गहू वर्षभराच्या पोळीपुरता, उरला तर बाजार समितीत. सोयाबीन निघाले, कालव्याचे आवर्तन लांबले आणि गव्हाची पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यावर गेली. शेत एकच, पण मधल्या पाटाने त्याचे दोन तुकडे पडलेले. पाटाच्या अलीकडे घरात वर्षानुवर्षे राखलेला लोक-१. पलीकडे तांबेरा-प्रतिकारक म्हणून विकत आणलेली नवी सरबती जात, तीही आता घरच्याच बियाण्यातून पेरलेली.

फेब्रुवारीत गहू फुलोऱ्यात असताना अलीकडचा तुकडा लांबूनच विटकरी दिसू लागला. सरीतून चालत गेले की पायांना तांबूस भुकटी लागे. पलीकडचा तुकडा हिरवा होता. मात्र वाकून पाहिले तर त्याच्याही पानांवर बारीक, फिकट पिवळे ठिपके होते आणि बांधाच्या कोपऱ्यातल्या चार-दोन झाडांवर तर भुकटी सोडणारे फोड होते.

घरातल्या कर्त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. "मॅडम, घरचं बी वापरलं म्हणून रोग आला का?" आणि "नव्या जातीत गवताचं काहीतरी घातलंय म्हणतात. ते जीएम तर नाही ना?" (जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेले.) तिसरा प्रश्न त्यांच्या सुनेचा होता. बागेच्या फवारणीचे वेळापत्रक तीच सांभाळते. ती म्हणाली, "ताई, पलीकडच्यालाही आता लागायला लागलंय. म्हणजे हे पण दोन-चार वर्षांचंच का?"

गहू पैदाशीच्या कामात ज्याने थोडीही वर्षे घालवली आहेत त्याला हा तिसरा प्रश्न झोपू देत नाही. या अभ्यासाचा मोठा भाग त्यासाठीच आहे. पण आधी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत, कारण त्याशिवाय तिसऱ्याचे नीट देता येत नाही.

रोग कोणता, आला कुठून

पानाच्या वरच्या बाजूला विखुरलेले, गोलसर, नारिंगी-तपकिरी फोड आणि बोट फिरवले की बोटाला गंजासारखी भुकटी. हा पानावरचा तांबेरा, एका बुरशीचा रोग. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला गेरवाही म्हणतात. खोडावरचा काळा तांबेरा वेगळा. त्याचे फोड लांबट असतात, साल फाडून वर येतात आणि पुढे काळे पडतात. पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा तांबेरा पंजाब-हिमाचलकडची डोकेदुखी आहे. त्याला सतत गारवा लागतो, तो आपल्याकडच्या हिवाळ्यात टिकत नाही.

पानावरच्या तांबेऱ्याला १५ ते २५ अंश तापमान आणि पानावर रात्रभर साचलेले दव पुरते. निफाडमध्ये दोन्ही मिळते. राज्यात पारा सर्वात खाली गेल्याची बातमी येते तेव्हा तो आकडा पुष्कळदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. जी थंडी या भागाला गव्हाचा भाग बनवते, तिच्यासोबतच पहाटेचे दव येते. एकदा बीजाणू, म्हणजे त्या भुकटीतला बुरशीचा कण, पानात शिरला की आठ-दहा दिवसांत नवा फोड फुटतो आणि एकेका फोडातून हजारो बीजाणू वाऱ्यावर जातात. जानेवारीत दोन-चार ठिपके दिसलेले शेत फेब्रुवारीत विटकरी होते ते यामुळे.

आता अण्णांचा पहिला प्रश्न. तांबेरा बियाण्यातून येत नाही. काणी, म्हणजे ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा रोग, येते, तांबेरा नाही. त्याचे बीजाणू जिवंत पानावरच जगतात आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, शेतात गव्हाचे हिरवे पान उरलेले नसताना, संपून जातात. मग दर हिवाळ्यात ते परत येतात कुठून? आग्रा कॉलेजचे प्रा. करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वर्षे खपून याचा माग काढला. मैदानातला तांबेरा उन्हाळ्यात मरतो, पण डोंगरांत, जिथे गहू वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो, तिथे तो टिकून राहतो. दक्षिणेसाठी ते डोंगर म्हणजे निलगिरी आणि पळणी. पुढच्या संशोधनाने दाखवले की काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्यांवर मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. पाटाच्या अलीकडचा रोग अण्णांच्या कणगीतून आलेला नव्हता. त्याचे मूळ बहुधा सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला होते.

घरच्या बियाण्याचा दोष असेल तर तो एवढाच की ते लोक-१ होते. गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला हा गहू १९८० च्या दशकात आला आणि टपोऱ्या दाण्यामुळे, लवकर येण्यामुळे, उशिराच्या पेरणीत तग धरण्यामुळे इथल्या शेतकऱ्याच्या मनात घर करून बसला. त्याचे गुण खरे आहेत. पण तांबेऱ्यापुढे तो आज उघडा आहे.

गव्हाकडे तांबेऱ्याशी लढणारे जनुक का नव्हते

पोळीचा गहू ही निसर्गातली अपघाती वस्तू आहे. साधारण आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात २८ गुणसूत्रांचा लागवडीतला गहू आणि शेताच्या कडेला वाढणारे १४ गुणसूत्रांचे एजिलॉप्स टॉशाय नावाचे गवत यांचा संकर झाला आणि ४२ गुणसूत्रांचा गहू जन्मला. हा संकर फार थोड्या वेळा घडला असावा. म्हणजे त्या गवताच्या साऱ्या विविधतेपैकी चिमूटभरच गव्हाच्या वाट्याला आली. पुढे माणसाने दाणा, चव आणि उत्पन्न पाहून निवड केली आणि तीही चिमूट आणखी कमी होत गेली. गवतांना मात्र कुणी निवडले नाही, कुणी फवारले नाही. ती तांबेऱ्याशी लढत जगली आणि लढण्याची जनुके त्यांच्यात साठत गेली.

महाराष्ट्राला या गोष्टीत मानाची जागा आहे आणि ती आपल्यालाच ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते. आपला खपली गहू २८ गुणसूत्रांचा, पोळीच्या गव्हाचा जवळचा नातेवाईक. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या उपजाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला, त्यात एक नाव 'खपली' असे होते. पुढची कित्येक दशके जगातल्या प्रयोगशाळांनी तांबेऱ्याची परीक्षा खपलीच्या रोपांवर घेतली. ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस यांनी खपलीचा संकर करून खॅपस्टीन हा गहू काढला. खपलीतून ओळखले गेलेले एसआर-१३ (एसआर म्हणजे खोडावरच्या तांबेऱ्याविरुद्धचे) हे जनुक पुढे आफ्रिकेतल्या भयंकर तांबेऱ्याविरुद्ध उपयोगी ठरलेल्यांपैकी एक आहे. सांगली-साताऱ्याकडे खीर आणि पुरणपोळीसाठी जपलेल्या या गव्हाने जगाचे पीक राखायला हातभार लावला.

गवतापासून पोळीपर्यंत

खपलीचा संकर त्या मानाने सोपा. खऱ्या गवताचा कठीण. गवताचे परागकण गव्हाच्या फुलावर घातले तर बहुतेक वेळा दाणा भरतच नाही. गर्भ कोवळा असतानाच काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. रोप आलेच तर ते वांझ असते, कारण गव्हाच्या आणि गवताच्या गुणसूत्रांना जोड्या सापडत नाहीत. मग कोल्चिसीन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट करायची किंवा मध्ये दुसऱ्या एखाद्या गव्हाचा पूल घालायचा. अमेरिकेत ई. आर. सिअर्स यांनी एजिलॉप्स अंबेल्युलाटा या गवतातले तांबेरा-प्रतिकारक जनुक असेच जंगली खपलीवर्गीय गव्हाच्या पुलावरून आणले. गवताचे गुणसूत्र गव्हाच्या गुणसूत्रात मिसळेना, तेव्हा त्यांनी क्ष-किरणांनी ते तोडले आणि तुटलेला तुकडा गव्हात चिकटलेली झाडे शोधून काढली. हे काम १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते जनुक आज एलआर-९ म्हणून ओळखले जाते. एलआर म्हणजे पानावरच्या तांबेऱ्याविरुद्धचे जनुक.

दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, कोडे सुटले. गव्हाच्या ५बी गुणसूत्रावर पीएच-१ नावाची जागा आहे. ती गव्हाला परक्या गुणसूत्राशी जोडी करू देत नाही. ती जागा निष्प्रभ केली, किंवा तिचा प्रभाव दाबणारे एजिलॉप्स स्पेल्टॉइड्स हे गवत संकरात घेतले, की गवत आणि गहू आपणहून तुकड्यांची अदलाबदल करतात. इंग्लंडमधले राइली आणि त्यांचे सहकारी स्पेल्टॉइड्सचा असा वापर करून दुसऱ्याच एका गवतातून पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे जनुक आणत होते. त्या साहित्यात स्पेल्टॉइड्सचे स्वतःचेही एक जनुक न मागता उतरले. तेच एलआर-२८.

जनुक उतरले म्हणजे काम झाले असे नाही. खरे काम तिथून सुरू होते. पहिल्या संकरात अर्धे गवत असते. चांगल्या गव्हाशी पुन्हा पुन्हा संकर करत गेले, म्हणजे पाठसंकर, की गवताचा वाटा दर पिढीत निम्मा होतो. पण हवे असलेले जनुक ज्या तुकड्यावर बसले आहे त्याच्या आजूबाजूचे गवत सहजी सुटत नाही आणि पोळी खाणाऱ्याला ते लगेच कळते. थिनोपायरम या उंच गवतातून एलआर-१९ आले तेव्हा त्याच्याबरोबर पीठ पिवळे करणारे जनुकही चिकटून आले. राईच्या (मोहरी नव्हे, 'राय' हे गव्हासारखे धान्य) गुणसूत्राचा एक हात घेतलेल्या गव्हांमध्ये कणीक चिकट होण्याची तक्रार आली. एलआर-२४ आणि एसआर-२४ ही जोडी, तीही थिनोपायरममधलीच, आधी लाल दाण्याबरोबर बांधलेली होती. लाल दाण्याचा गहू निफाडच्या बाजारात कोण घेईल? पांढऱ्या दाण्याबरोबर ही जोडी असलेले साहित्य ऑस्ट्रेलियातून मिळाले, तेव्हा कुठे आपल्या पैदासकारांना ती वापरता आली.

ती वापरली तमिळनाडूत वेलिंग्टनला. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे हे केंद्र निलगिरीत आहे, म्हणजे नेमके तिथे, जिथे तांबेरा वर्षभर जिवंत असतो. तिथल्या शेतात टिकलेल्या रोपाने कठीण परीक्षा दिलेली असते. तिथल्या पैदासकारांनी देशातले लोकप्रिय पण तांबेऱ्याला बळी पडणारे गहू एकेक करून घेतले आणि पाठसंकराने त्यांत गवतांची जनुके उतरवली. सी-३०६ हा पोळीसाठी नावाजलेला उंच, जिरायती गहू. त्यात एसआर-२४ आणि एलआर-२४ घालून एचडब्ल्यू-२००४, म्हणजे 'अमर', तयार झाला. या कामात घेतलेल्या गव्हांमध्ये लोक-१ होता आणि निफाडचा स्वतःचा एनआय-५४३९ सुद्धा. सत्तरच्या दशकापासून आपल्या जिरायत रानात पेरला गेलेला, पण तांबेरा झपाट्याने चढणारा हा निफाडचा गहू गवताच्या एका जनुकाने निरोगी होतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसले. अण्णांच्या पाटाच्या दोन्ही बाजूंची गोष्ट निलगिरीच्या शेतात कितीतरी आधी घडून गेली होती.

म्हणून अण्णांचा दुसरा प्रश्न: हे जीएम नाही. इथे प्रयोगशाळेत जनुक कापून टोचलेले नाही. परागकण, फूल, संकर, सुरुवातीला लागलीच तर कोल्चिसीन किंवा क्ष-किरणांची मदत, आणि पिढ्यान्पिढ्यांची निवड, असा हा मार्ग आहे. आता रेणवीय खुणा, म्हणजे जनुकाजवळच्या डीएनएतल्या खुणा, वापरून रोप लहान असतानाच जनुक आहे की नाही ते तपासता येते, त्यामुळे वर्षे वाचतात. पण ती तपासणी आहे, जनुकात बदल नाही. भारतात जीएम गव्हाच्या लागवडीला परवानगीच नाही. आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली: गहू स्वपरागित आहे, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी दाणा धरतो. गवताचे जनुक एकदा शुद्ध वाणात बसले की घरच्या बियाण्यातही ते तसेच राहते, दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागत नाही. बियाणे राखण्याचा आणि पुन्हा पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात लिहिलेला आहे. भेसळ होऊ नये म्हणून दर तीनेक वर्षांनी बियाणे बदलावे, इतकेच.

फिकट ठिपक्यांचा अर्थ

सुनेने दाखवलेली पाने दोन प्रकारची होती आणि त्यांतला फरक हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पलीकडच्या तुकड्यातल्या बहुतेक पानांवर फक्त पिवळट ठिपके होते. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा मेलेला भाग, भुकटी अजिबात नाही. हा रोग नाही, रोगाला दिलेले उत्तर आहे. बीजाणू पानात शिरला, प्रतिकारक जनुकाने तयार केलेल्या प्रथिनाने त्याला ओळखले आणि आजूबाजूच्या पेशींनी स्वतःला मारून घेतले. तांबेरा जिवंत पेशीवरच जगतो, त्यामुळे तो तिथेच संपला. असे ठिपके पाहून घाबरून फवारणी करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. हातातले औषध तेवढे वाया जाते.

कोपऱ्यातली झाडे वेगळी. त्यांच्या पानांवर मोठे, भुकटी सोडणारे फोड होते, भोवती पिवळी कडाही नव्हती. म्हणजे ओळख पटलीच नाही. याचे अर्थ दोन निघतात. एक, ती झाडे नव्या जातीची नाहीतच. मळणीयंत्रात लोक-१ चे दाणे मिसळले असतील. दोन, ती नव्याच जातीची आहेत आणि त्यांच्यावर बसलेला तांबेरा बदललेला आहे. आम्ही ओंब्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. कुसळांची ठेवण, ओंबीची घनता, झाडाची उंची. बहुतेक झाडे उघडपणे लोक-१ निघाली. दोन झाडे मात्र सर्व बाजूंनी नव्या जातीसारखी होती.

दोन झाडांनी काय होते, असे अण्णा म्हणाले. याचे उत्तर आफ्रिकेत आहे. राईतून आलेले एसआर-३१ हे काळ्या तांबेऱ्याचे जनुक. त्याच तुकड्यावर पानाच्या तांबेऱ्याचे, पिवळ्या तांबेऱ्याचे आणि भुरीचे अशी आणखी तीन जनुके होती, त्यामुळे जगभरच्या पैदासकारांनी तो तुकडा आनंदाने उचलला. देशोदेशीच्या कोट्यवधी एकरांवर तो पसरला. १९९८ मध्ये युगांडात एसआर-३१ असलेल्या गव्हावर काळा तांबेरा सापडला. पुढच्या वर्षी त्याची ओळख पटली आणि त्याला युजी-९९ हे नाव पडले. तो केनिया, इथिओपियामार्गे येमेनपर्यंत गेला, २००७ मध्ये इराणमधून त्याची नोंद झाली. मधल्या काळात, २००६ मध्ये, केनियात त्याचा एसआर-२४ वरही मात करणारा प्रकार सापडला. भारतातही पानाच्या तांबेऱ्याच्या उपजातींनी एलआर-९, एलआर-१९ आणि पुढे एलआर-२८ ओलांडले आहे. कष्टाने मिळवलेले एकेक गवताचे जनुक असे हातातून गेले. ज्यांनी ते आणण्यात आयुष्य घातले त्यांच्यासाठी हे फार जड आहे.

यामागची यंत्रणा समजावायला मला पुस्तकी भाषा लागली नाही, कारण सुनेला द्राक्षातला डाऊनी, म्हणजे केवडा हा रोग, माहीत होता. एकच औषध सारखे मारत राहिले की डाऊनी ऐकेनासा होतो, म्हणून बागाईतदार गट बदलून फवारतात, दोन वेगळ्या गटांची औषधे एकत्र घेतात. एकच जनुक असलेली जात तालुकाभर पेरणे म्हणजे एकच औषध तालुकाभर मारणे. कोट्यवधी बीजाणूंमध्ये एखाद्यात बदल होतो आणि तो प्रथिनाच्या ओळखीतून निसटतो. आजूबाजूला सगळीकडे तोच गहू असला की त्या एकाला रान मोकळे मिळते. ती म्हणाली, "म्हणजे गव्हातही गट बदलायचे." बरोबर हेच.

माझे मत या प्रकरणाने पक्के केले. प्रतिकारशक्ती आपण बियाण्याच्या पिशवीत मोजतो, पण ती पुष्कळशी शिवारावर ठरते. पैदासकाराने एका जातीत दोन-तीन जनुके एकत्र घालावीत, म्हणजे तांबेऱ्याला एकाच वेळी सगळी चुकवावी लागतील. गवतांच्या जोरकस जनुकांबरोबर एलआर-३४ किंवा खपलीच्या परदेशी भावंडातून, यारोस्लाव एमरमधून, आलेल्या एसआर-२ सारखी हळू चालणारी जनुकेही द्यावीत. ती रोग पूर्ण थांबवत नाहीत, फोड कमी आणि उशिरा येऊ देतात, पण दशकानुदशके टिकली आहेत. आणि गावाने सगळा गहू एका जातीचा करू नये. यातले पैदासकाराचे काम केंद्रांत चालू आहे. गावाचे काम कुणाच्याच वेळापत्रकात नाही, आणि मला तेच जास्त खुपते.

मावा: जिथे गवत अजून पोचलेले नाही

त्याच शेतात ओंब्यांवर मावा होता, दोन्ही तुकड्यांत जवळजवळ सारखाच. 'प्रतिकारक जात' हा शब्द ऐकला की शेतकरी सगळ्या शत्रूंचा विमा उतरला असे समजतो. तसे नसते. तांबेऱ्याचे जनुक मावा ओळखत नाही. गवतवर्गीय नातेवाइकांकडून किडींची जनुकेही मिळाली आहेत. अमेरिकेतल्या हेशियन माशीविरुद्ध एजिलॉप्स टॉशायमधली आहेत, रशियन गहू माव्याविरुद्ध राईतले डीएन-७ आहे. पण त्या किडी आपल्या शेतातल्या नव्हेत. आपल्याकडच्या माव्यावर तांबेऱ्यासारखे एका जनुकाचे ठोस उत्तर गव्हात रुळलेले नाही. इथे भरवसा ढालकिड्यांवर आणि सिरफिड माशीच्या अळ्यांवर. शेतात ते भरपूर होते, म्हणून कीटकनाशक मारू नका असे सांगितले आणि ते मारले नाही. आठवडाभरात मावा उतरला.

काय केले

लोक-१ च्या तुकड्यावर प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक लिटरला एक मिली या प्रमाणात एकदा फवारले, कारण ओंबीखालचे सर्वात वरचे पान अजून बऱ्यापैकी हिरवे होते आणि दाण्याचे पोषण त्याच पानावर चालते. दाणा हुरड्यात आल्यावर हीच फवारणी निरर्थक ठरली असती. नवा तुकडा तसाच ठेवला. मळणीला अलीकडचा दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघाला, पलीकडचा भरलेला.

हा सगळा फरक गवताच्या जनुकाचा, असे लिहायला मन धजत नाही. अलीकडच्या तुकड्यात आधी कांद्याची रोपे होती, त्यामुळे नत्र जास्त झाले होते. वर युरियाही पडला होता. बागाईत गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश ही शिफारस वेळेवर पेरलेल्या पिकासाठी आहे. उशिराच्या पिकाला त्याहून कमी लागते. नत्र वाढले की पान लुसलुशीत होते आणि दव त्यावर जास्त वेळ टिकते. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली असती तर रोग चढायच्या आत दाणा बराचसा भरला असता. जनुकाने मोठा वाटा उचलला हे ठिपके सांगतात, पण किती, हे या शेतावरून मोजता येत नाही. त्यासाठी एकच माती, एकच खत आणि एकाच दिवसाची पेरणी लागते.

पुढच्या रब्बीसाठी असे ठरले: लोक-१ फक्त घरच्या पोळीपुरता, तोही नोव्हेंबरात पेरायचा. नव्या जातीचे बी कोपरा वगळून मधल्या भागातून, वेगळ्या ओंब्या उपटून टाकल्यावर राखायचे. आणि भावकीतल्या तीन घरांनी मिळून निफाड केंद्राच्या दोन वेगवेगळ्या जाती घ्यायच्या, एकाने सरबती, दुसऱ्याने बन्सी, सगळ्यांनी एकच नाही. घेताना केंद्रात एवढेच विचारायचे की दोन्हींचा प्रतिकार एकाच जनुकावर तर उभा नाही ना. हा प्रश्न शेतकऱ्याने विचारायला हवा आणि त्याचे उत्तर त्याला मिळायला हवे.

त्या दोन झाडांची पाने आम्ही सावलीत वाळवली आणि कागदी पाकिटात घातली. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून कुजतात. पाकिटावर गाव, तालुका, जातीचे नाव, पेरणीची आणि पाने तोडल्याची तारीख लिहिली. शेजारी लोक-१ ची पाने वेगळ्या पाकिटात, तुलनेसाठी. महाबळेश्वरचे गहू गेरवा संशोधन केंद्र आणि सिमल्याचे फ्लॉवरडेल केंद्र अशा नमुन्यांवरूनच तांबेऱ्याची कोणती उपजात कुठे आहे याचा हिशेब ठेवतात. नमुना आला की त्यातले बीजाणू ओळखीची जनुके असलेल्या गव्हांच्या रोपांवर वाढवून पाहतात आणि कोणते जनुक अजून धरून आहे, कोणते गेले, ते कळते. पाकिटावरचा पत्ता सुनेने लिहिला. पुढच्या जानेवारीत पहिला फोड दिसताच अशीच पाने तोडून ठेवायचे तिने फवारणीच्या वहीत टिपून घेतले आहे.